शांतिबनातली कोल्हेकुई

एका जंगलात, बाळांनो, एक कोल्हा राहत होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका. विचारलंत तर मला नकाशा काढावा लागेल, आणि त्यात जंगल उरलंय का ते आधी बघावं लागेल.

कोल्ह्याचं नाव केरबा. जंगलाच्या पार टोकाला, उघड्या माळावर त्याचं बीळ होतं. बिळात त्याची बायको ठकूबाई, लहानगी मुलगी भिंगरी आणि म्हातारी भीमाआत्या. जगायला लागतं ते सगळं त्यांच्याकडे होतं. फक्त सुट्टीत कुठं गेलो होतो, हे चारचौघांत सांगायला काही नव्हतं.

म्हणून त्या उन्हाळ्यात केरबानं ठरवलं, राजधानी बघायची. सिंहाचा दरबार, हत्तींचा पाणघाट, वडाखालचा बाजार.

"आणि राहायचं कुठं?" ठकूबाईनं विचारलं.

"शहरात राहायचं नसतं," केरबा म्हणाला. हे त्याला तरसानं सांगितलं होतं. तरसाला कुणी सांगितलं, ते तरसाला आठवत नव्हतं. "उपनगरात राहायचं. शांतिबन म्हणून जागा आहे. हिरवीगार झाडी, मोकळी हवा, शांतता."

"मग आपल्या माळावर काय ढोल बडवतात?" आत्या म्हणाली.

"आत्या, ही घरची शांतता. ती सुट्टीतली शांतता. फरक असतो."

आत्या खोकली. एखादी गोष्ट पटली नाही की ती खोकायची. पटली तरी खोकायची.

शांतिबन खरोखरच सुंदर होतं हो! सगळी कुंपणं एका उंचीची. सगळ्या गल्ल्या एका रुंदीच्या. गवत इतकं नीट की त्यावर पाय ठेवायची लाज वाटावी. आणि पाय ठेवायला बंदीही होतीच. ओढा होता, पण तो खळखळतो अशी तक्रार आल्यामुळे त्यातले दगड काढून टाकले होते. आता तो गुपचूप जायचा.

घरमालकीण कासवकाकू दारातच उभी होती. ती इतक्या हळू बोलायची की ऐकायला चौघांनाही वाकावं लागलं.

"दुपारी दोन ते सहा अगदी शांतता हं. आपले चिटणीस घुबडसाहेब झोपतात. वाळक्या पानांवर चालायचं नाही. हसायचं तर तोंड मिटून. बेडूक आम्ही गावी पाठवलेत. इथं पंजा उमटवा."

केरबानं नियमांच्या पानावर पंजा उमटवला. मग काकूनं भिंगरीकडे पाहिलं.

"आणि बाळ, तू. सहा वाजेपर्यंत ओरडायचं नाही. शहाणी मुलगी आहेस ना?"

भिंगरीला आजवर कुणी शहाणी म्हटलं नव्हतं. तिनं मोठ्या गंभीरपणे मान हलवली.

"शेजारी कोण राहतं?" ठकूबाईनं सहज विचारलं.

"काय की. तेरा वर्षं झाली. विचारलं असतं तर आवाज झाला असता."

पहिले दोन दिवस फार छान गेले. म्हणजे सकाळी राजधानीला जायला निघायचं, पोचेपर्यंत दरबार उठलेला असायचा, मग दोन वाजायच्या आत परतायचं. शांतिबन शहरापासून फार लांब नव्हतं. फक्त शहर शांतिबनापासून लांब होतं. दुपारभर केरबा सावलीत पडून म्हणायचा, "काय शांत वाटतंय!" तेही मनात. आत्या पानांच्या द्रोणात तोंड घालून खोकायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांचा डोळा लागला. भिंगरीला एक निळं फुलपाखरू दिसलं. फुलपाखराला आवाज नसतो, म्हणून ते शांतिबनात चालायचं. ते पुढं, भिंगरी मागं.

चारच्या सुमारास ठकूबाईला जाग आली. पोर नव्हतं.

तिनं केरबाला हलवलं. तिघं बाहेर धावले. म्हणजे वाळकी पानं चुकवत, टाचा उचलून धावले. एक गल्ली पाहिली. दुसरी पाहिली. ती पहिलीच निघाली.

"भिंगरे," केरबा कुजबुजला. "ए भिंगरे."

तुम्ही कधी कुजबुजून कुणाला शोधलंय का, बाळांनो? शोधून बघा. शोधणाऱ्यालाच ऐकू येत नाही.

वेशीवर बगळा पहारा करत होता. एका पायावर, डोळे मिटून.

"आमची मुलगी हरवलीय," ठकूबाई म्हणाली.

"हळू. वर्णन?"

"एवढीशी आहे. फार बडबडी."

"मग आमच्या इथं नसेल," बगळा म्हणाला आणि त्यानं पाय बदलला.

ऊन उतरायला लागलं. वेशीपलीकडच्या रस्त्यांवर सिंहाचे शिपाई फिरतात, नदीत मगर असते, हे ठकूबाईला आठवत होतं आणि आठवायचं नव्हतं.

आत्या मटकन खाली बसली. "केरबा, कोल्ह्याचं पोर कसं शोधतात रे?"

केरबाला ते ठाऊक होतं. त्याच्या बापानं त्याला तसंच शोधलं होतं, दोनदा. पण तो म्हणाला, "आत्या, मी पंजा उमटवलाय. सहाला थोडाच वेळ आहे."

ठकूबाईनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. तिनं तोंड वर केलं, डोळे मिटले आणि कुई दिली.

अशी कुई शांतिबनानं ऐकली नव्हती. कुंपणांची पानं थरथरली. घुबडसाहेब फांदीवरून पडता पडता राहिले. दुसरी कुई उठली तेव्हा तिच्यात आत्याचा फाटका आवाज होता, आणि तिसऱ्या कुईत केरबाही होता. आता तो असा ओरडत होता, जणू त्याला कधी कुणी थांबवलंच नव्हतं.

मग तिघं एकदम गप्प झाले. कान टवकारले.

लांबून, जमिनीच्या खालून यावी तशी, एक बारीक कुई आली.

गल्लीच्या टोकाला पावसाचं पाणी साठवायला खणलेला कोरडा खड्डा होता. भिंगरी तळाशी बसली होती. गुडघा सोललेला, मांडीवर शेपूट घट्ट धरलेली.

"कधीपासून बसलीयस? हाक का नाही मारलीस गं?" ठकूबाई काठावरून ओरडली.

"सहा वाजायचेत ना अजून," भिंगरी म्हणाली. "मी शहाणी आहे."

केरबानं मान फिरवली. बराच वेळ तो दुसरीकडेच बघत होता.

तोवर दारं उघडली होती. खड्ड्याला लागूनच घर असलेला ससा बाहेर आला. "अहो, हा तुमच्या मुलीचा आवाज होता का? तीनपासून मुसमुस ऐकू येत होती. आम्ही लगेच तक्रार केली."

"कुणाकडे?"

"चिटणिसांकडे. ते झोपले होते."

खड्डा खोल होता. काय करावं ते कुणाला कळेना. तेवढ्यात एक दांडगा रानडुक्कर पुढं आला. त्यानं सुळ्यांनी काठ उकरला आणि बघता बघता खाली जायला उतार करून दिला. भिंगरी वर आली आणि थेट आईच्या पोटाशी शिरली.

"तुम्ही कुठले?" कासवकाकूनं रानडुकराला विचारलं.

"तुमच्या शेजारचा. तेरा वर्षं झाली."

"अगंबाई!"

मग काय! सगळे एकमेकांना नावं विचारू लागले. सशाच्या घरी चौदा पोरं आहेत हे त्या दिवशी उघड झालं. कुणीतरी जांभळं आणली. रानडुक्कर मोठ्यानं हसला आणि हसला तो हसतच राहिला. तेरा वर्षांचं साठलं होतं.

बरोबर सहा वाजता घुबडसाहेब उठून आले. त्यांनी सभा घेतली. ठराव झाला की घडला प्रकार अत्यंत दुःखद आहे आणि पुन्हा होता कामा नये. सर्वांनी तोंड मिटून अनुमोदन दिलं. दुसऱ्याच दिवशी खड्ड्याशी पाटी लागली : 'येथे पडणाऱ्यांनी शांतता राखावी.'

ती पाटी कोल्ह्यांनी पाहिली नाही. ते त्याच संध्याकाळी निघाले. केरबानं भिंगरीला पाठीवर घेतलं होतं आणि ठकूबाई त्याच्याशी अजून बोलत नव्हती. वडाखालच्या बाजारात पोचले तर माकडांचा लिलाव चालला होता, हत्ती चीत्कारत होते, कावळ्यांचं भांडण पेटलं होतं.

"कान किटले," आत्या समाधानानं म्हणाली आणि मनसोक्त खोकली.

केरबा वाकून लेकीच्या कानाशी म्हणाला, "ओरड गं आता. हवं तेवढं ओरड."

भिंगरीनं आधी आईकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "किती वाजले?"

तात्पर्य : मुलांना शिस्त लावू नये. एखाद्या वेळी ती लागते.