चाकाखालच्या दगडाचा नंबर

ट्रकच्या लायसन्सची परीक्षा म्हंजे माझ्या डाव्या हाताचा मळ! सुरक्षेचे नियम असे पाठ केलते की झोपेतबी बडबडायचो. माझी बायको सुभद्रा म्हणली, "अवो, पास व्हा तेवढं! दूध संघाच्या टँकरवर डायव्हर लागलात तर औंदा ऊसतोडीला जायचं टळंल."

"झालोच समज!" मी म्हणलो.

परीक्षा संघाच्याच टँकरवर, वजनासाठी पाण्यानं काठोकाठ भरलेल्या. शेजारी परीक्षा घेणारे साहेब. केजच्या बाहेर एका वाडीचा उतार लागला. सडकेच्या कडंला दगडांची ही लांब रांग! दुष्काळात पाण्याचा नंबर असाच लागतो. बाई घरी, तिचा दगड रांगंत. टँकर आला की ज्याचा दगड म्होरं, त्याची घागर म्होरं.

साहेब म्हणले, "उतारावर गाडी उभी करून दाखव."

दाखवली की! इंजिन बंद, मागचा गिअर, हँडब्रेक. हँडब्रेक जुना, त्याचा काय भरवसा? म्हणून उतरून चाकाम्होरं, रांगंच्या तोंडाशीच, एक दगड लावला. साहेबांनी मान डोलावली, चपला काढल्या अन् माझ्या मोकळ्या सीटवर पाय पसरले.

तेवढ्यात टँकर बघून बाया घागरी घेऊन जमल्या, म्होरं भामाबाई. नंबराच्या बाबतीत वाडीत त्यांचाच शब्द चालतो.

"ह्यो दगड कुणाचा? आत्ता आला अन् सगळ्यांच्या म्होरं?"

"मावशी, चाकाचा हाय!"

"चाकाला पाणी कशाला लागतंय? घुसखोरी न्हाई चालायची हितं!"

बाईनं दगड उचलला अन् तरातरा नेऊन रांगंच्या पार शेवटाला ठेवला! "अवो मावशी, अवो मावशी" करत मी मागं. इकडं साहेबांनी आणखी जरा आरामात पाय लांबवला, तो बसला गिअरला. गिअर सुटला!

टँकर हलला. कुणीतरी वरडलं, "पळाला! पाणी न देताच पळाला!"

झालं! बाया पळायच्या सोडून घागरी घेऊन टँकरला आडव्याच झाल्या! मी असा धावलो की बापजन्मात धावलो न्हवतो. उडी मारून आत पडलो ते थेट साहेबांच्या पायांवर, अन् ब्रेक दाबला. टँकर थांबला. पुढच्या घागरीपास्नं वीतभर अंतरावर! जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, डोळ्याला पाणी आलं. एकीलाबी खरचटलं न्हवतं.

अन् भामाबाईंनी टँकरच्या मागची तोटीसुदिक सोडली! नंबरानं घागरी भराय लागल्या.

"ऊठ बे! पाय मोडला माझा!" साहेब कण्हले.

"साहेब, उठलो तर ब्रेक सुटंल. गिअरवर तुमचा गुडघा अडकलाय. आधी चाकाला दगड पायजे."

साहेबांनी खिडकीतून हाक मारली, "बाई, एक दगड द्या हो!"

"कुणाचा देऊ? समदे नंबराचे हायेत!" भामाबाई म्हणल्या. "तुमचा शेवटाला हाय. नंबर आला की घ्या!"

"पास!" साहेब किंचाळले. "पास केला तुला! गाडी थांबवलीस, बायका वाचवल्यास, पास! आता तरी ऊठ, बाबा!"

ऊसतोड गेली खड्ड्यात! मला लई म्हंजे लई हलकं वाटलं. कधी एकदा सुभद्राला सांगतो असं झालं. आरशात मागं बघितलं अन् म्हणलो, "उठतो की साहेब. अजून एकतीस घागरी हायेत."