वलीभाईंचा टिकाऊ कॉम्प्युटर

आगरदांड्याच्या वली मुकादम यांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, गेम खेळण्यासाठी घरच्या घरी कॉम्प्युटर जुळवून घ्यायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत हा निर्णय त्यांचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावाचा झाला.

कारण साधं होतं. वलीभाईंची मुलगी हफ्सा दोह्याला असते. तिची लेक मिस्बाह दर शुक्रवारी फोनवर येई, "सलाम नाना, जेवलात का नाना, बाय नाना" एवढं म्हणे आणि पळे. हीच पोरगी मैत्रिणींबरोबर एका गेममध्ये तासन्‌तास गप्पा मारत बंदर चालवते, असं हफ्साने सांगितलं. वलीभाईंनी उभी हयात कुवेतच्या बंदरावर क्रेन चालवण्यात घालवलेली. एका शुक्रवारी मिस्बाह म्हणाली, "नाना, आमच्या बंदरावर क्रेनवाला कुणीच नाही. तुम्ही या ना! तुमची जागा राखून ठेवते मी." त्या दिवशी वलीभाई अख्ख्या मोहल्ल्याला दोनदोनदा सलाम करत फिरले.

बजेट मर्यादित होतं, म्हणून सल्ला अमर्याद घ्यावा लागला. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले शिवदासराव आपण होऊन अध्यक्ष झाले. ओटीवर बैठक भरली. चहा वलीभाईंच्या बेगम महेरुन्निसाभाभींनी केला, आणि त्यांना मत नव्हतं, असं गृहीत धरण्यात आलं.

"सदर वस्तू ही दीर्घ मुदतीची असावी," शिवदासराव म्हणाले. "किमान वीस वर्षं. सरकारी कपाट टिकतं तितकी."

"मिस्बाह म्हनते जुना लॅपटॉप पन चालंल," वलीभाई हळूच म्हणाले.

"मुलांना दूरदृष्टी नसते," शिवदासरावांनी निकाल दिला.

मग सदा नाखवा बोलला. सदा म्हणजे शेजारच्या कोळीवाड्यातला बोटवाला, वलीभाईंचा लंगोटीयार. त्याने तीन बोटी बांधून घेतल्या आहेत, त्यामुळे बांधण्याच्या बाबतीत त्याचा शब्द आमच्याकडे शेवटचा. "वलीभाय, बोट बांधताना आदी काय बगतात? लाकूड. विंजान, तुमचं इंजिन, आज हाय, उद्या न्हाय. विंजान बदलता येतं, लाकूड बदलता येतं काय? आदी सांगाडा घे भक्कम. विंजान मागसून बसव."

सगळ्यांना ते एकदम पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? ज्या गावाने बुडालेल्या बोटी पाहिल्या आहेत, ते गाव आधी सांगाडाच बघणार. झालं, मंडळी माणगावला दिपेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

दिपेशने गेमला काय काय लागतं ते मांडून दाखवलं. प्रोसेसर म्हणजे डोकं, ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं पळवणारं, आणि कॅबिनेट म्हणजे नुसता डबा. सदाने पहिल्या दोन्हींना हातसुद्धा लावला नाही. डब्याच्या पत्र्यावर मात्र बोटाने टकटक करून बघितलं. दुकानातला सगळ्यात मोठा, सगळ्यात जाड, बाजूला काच असलेला डबा पसंत पडला. आत माणूस बसला नसता, पण बकरी बसली असती.

"आणि यातलं लवकर जुनं काय होतं?" शिवदासरावांनी विचारलं.

"प्रोसेसर आणि कार्ड, काका. दर एकदोन वर्षांनी नवीन येतं."

"म्हणजे नाशिवंत माल," शिवदासरावांनी नोंद घेतली. "आणि टिकतं काय?"

"कॅबिनेट, पॉवर सप्लाय, पंखे, टेबल."

त्यानुसार टिकाऊ मालाची खरेदी प्राधान्याने करण्यात आली. पॉवर सप्लाय असा घेतला की त्यावर पुढचे तीन कॉम्प्युटर चालावेत. टेबल सागवानी झालं. नाशिवंत माल ताजाच घ्यायचा, हे मच्छीबाजाराशेजारी राहणाऱ्या माणसांना शिकवावं लागत नाही. नवीन कार्ड येणार होतं, तेवढं थांबायचं ठरलं.

डबा घरी आला आणि सदाला खारा वारा आठवला. पंखे बाहेरची हवा आत ओढणार, हवेत मीठ, मिठाने गंज. लाकडाला तेल चोपडता येतं, याला काय चोपडणार? उपाय एकच होता. खिडक्या बंद करून कोपऱ्यातल्या खोलीत एसी बसवण्यात आला. कार्डासाठी राखलेली रक्कम तिकडे वळती झाली. आता कॉम्प्युटर थंडाव्यात आणि वलीभाई-भाभी बाहेरच्या खोलीत घामाघूम, अशी रचना झाली.

"माजे सांदे या खाऱ्या वाऱ्यात गंजले," भाभी म्हणाल्या, "त्यांला कदी मशीन न्हाय बसवलंत."

ही सूचना विषयपत्रिकेबाहेरची असल्याने फेटाळण्यात आली.

नवीन कार्ड आलं. ते महाग होतं. जुनं स्वस्त झालं होतं, पण जुनं घेतो कोण? शिवदासरावांनी हिशेब मांडला, की आणखी नवीन येईल तेव्हा हे नवीन स्वस्त होईल. तसं ते झालंही. पण तोवर ते जुनं झालं होतं. प्रोसेसरची तीच गत. दरम्यान दिपेशने येऊन पंख्यांचे रंगीत दिवे तेवढे जोडून दिले. मुरूडहून, खाडीपलीकडच्या दिघीहूनसुद्धा लोक ते बघायला आले. इतका टिकाऊ कॉम्प्युटर कुणीच पाहिला नव्हता. आत काहीच नसल्याने बिघडायला काही नव्हतं.

शुक्रवार येत राहिले. "नाना, कधी येताय?" मिस्बाह विचारी. "येतो गो बाय, जरा थांब, चांगलंसं घेतो," वलीभाई म्हणत. मग ती विचारायची थांबली. आणि एका शुक्रवारी म्हणाली, "नाना, क्रेन मी दुसऱ्या मुलीला दिली. सॉरी हं. सगळे म्हणत होते, तुझे नाना येणारच नाहीत."

"बरा केलास, बाय," वलीभाई म्हणाले. फोन ठेवून ते एसीच्या खोलीत जाऊन बसले. रंगीत दिवे फिरत होते. म्हातारा रडत होता. आम्ही दारातून पाहिलं आणि सदाने आत जाऊन एसी जरा कमी केला. डोळ्यांना गारवा लागला असेल, असं त्याला वाटलं.

भाभींनी मात्र त्याच खुर्चीशेजारी सतरंजी घातली. आता त्या तिथेच झोपतात. त्यांच्या सांध्यांना उतार आहे.

ही हकीकत मी बऱ्याच लोकांना सांगितली आहे. शिकलेले, समजूतदार लोक. सगळे हळहळतात, मान हलवतात, आणि मग जवळ सरकून विचारतात, "पण आता ते कार्ड बरंच स्वस्त झालं असेल, नाही? की आणखी थोडं थांबावं?" मिस्बाह आता शुक्रवारी फोन करते का, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही संकोच करू नका. दिपेशचा नंबर आहे माझ्याकडे.