चिखलदऱ्याला गेलेली भाजी

आमच्या शेजारच्या गावंडे वकिलांनी गेल्या हिवाळ्यात भाजीला हवापालटासाठी चिखलदऱ्याला नेलं. स्वतः गुडघ्यांचं कारण सांगून कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाहीत. पण कुंड्या घेऊन एस.टी.त चढले. एक मांडीवर, दोन पायांशी, एक शेजारच्या बाईच्या मांडीवर. कंडक्टरने सामानाचं तिकीट मागितलं, तेव्हा सजीव आणि सामान यांतला फरक त्यांनी त्याला परतवाड्यापर्यंत समजावला. त्याने तिकीट दिलंच.

ही भाजी म्हणजे इटलीतली काळी कोबी. हिला गड्डा धरत नाही. नुसती लांब, सुरकुतलेली, काळपट हिरवी पानं. वकिलांची सून किआरा तिकडची. लग्नात तिने सासऱ्यांना आईच्या परसातल्या बियांची पुडी दिली होती, आजीच्याही आधीपासून घरात जपलेल्या. पुढे तिची आई गेली, घर विकलं, परसात नव्या मालकाने गाड्या लावल्या. किआरा फोनवर म्हणाली, मला आता माहेर नाही, ते बीही तुमच्या पुडीशिवाय कुठे उरलं नाही. त्या दिवसापासून वकिलांनी कोर्टाचा नाद सोडला आणि बी धरायचा ध्यास घेतला.

पहिल्या वर्षी यांनी ऐन उन्हाळ्यात पेरलं. अमरावतीचं ऊन इटलीच्या रोपाला कसं मानवणार? सगळी करपली. मी हळहळले, तर म्हणाले, "अपील करू." दुसऱ्या वर्षी पानं फोफावली, पण फूल येईना. अकोल्याला शेतीखात्यात असलेल्या त्यांच्या भाच्याने सांगितलं, कडक थंडी लागल्याशिवाय हिला फुलोरा नाही. पुडीत चिमूटभर बी उरलं होतं. तेही वाया गेलं असतं, तर खेळ खलास. म्हणून तिसऱ्या वर्षी ते कुंड्यांत पेरलं आणि रोपं डोंगरावरच्या थंडीत न्यायची ठरवली.

पानं वाया घालवायची नाहीत म्हणून रांधणंही यांचंच. किआराची आई या पानांचं सूप करायची, घेवडा आणि शिळा पाव घालून. वकिलांनी शिळी भाकर कुस्करली, ज्वारीच्या कण्या घातल्या, वरून लसूण-मिरचीची फोडणी. म्हणाले, "इटलीचं असो का अकोटचं, कण्याबिगर पाल्याले चव नाही." गल्लीत वाटी आली नाही असं घर उरलं नाही. पहिली वाटी मी भिडेखातर संपवली. दुसरी, खरं सांगते, मागून घेतली.

चिखलदऱ्याला त्यांचे जुने पक्षकार रशीदभाई राहतात. कुंड्या त्यांच्या अंगणात राहिल्या. रोज सकाळी रशीदभाईंचा फोन यायचा, "वकीलसाब, मुलजिम ठीक हैं." वकील थंडी किती पडली ते विचारून घेत. थंडी ओसरल्यावर कुंड्या परत आल्या, आणि एका सकाळी वकिलांनी मला घरातून ओढत नेलं. रोपांवर पिवळी फुलं होती. पुढे शेंगा धरल्या. पाखरांपासून त्या राखायला हा माणूस दुपारभर छत्री घेऊन गच्चीवर बसे.

चैत्रात मुलगा-सून आले. आमच्याकडे निघताना सुनेची ओटी भरतात. वकिलांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून मला बोलावलं. मी किआराच्या ओढणीत तांदूळ, नारळ घातला आणि बाजूला झाले, तोच वकील पुढे आले. ओटी पुरुष भरत नाहीत. मी बघतच राहिले. त्यांनी खिशातून एक पुरचुंडी काढून तिच्या ओटीत ठेवली आणि सोडली. आत मोहरीएवढं काळं बी.

"तुह्या मायच्या घरचं हाय, पोरी. मले माहेर नाही असं आता म्हनू नको."

मुलाने अर्थ सांगायच्या आत तिला तो कळला होता. ती रडली, मीही रडले. मग तिने त्यातलं अर्धं बी उचलून सासऱ्यांच्या तळहातावर परत ठेवलं आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, हे इथे पाहिजे. मी खायला येते."

जन्मभर कोर्टात समोरच्याला बोलू न दिलेल्या माणसाने नुसती मान डोलावली आणि ते बी मुठीत घेतलं. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी ते मूठ मिटून फाटकात उभे होते.