दोन चकचकीत साखळ्या

सुरक्षितता ही मुळात दिसण्याची बाब आहे. जी दिसत नाही ती असून नसल्यासारखीच. हे तत्त्व ज्याच्या अंगी पुरतं मुरलं होतं असा एक गृहस्थ कारखान्यात उपसुरक्षा अधिकारी होता आणि घरी एका तान्ह्या मुलीचा बाबा. (दोन्ही पदांवर कायम.)

घर बदलायचं ठरलं तेव्हा त्याने गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर आणला. ट्रेलरच्या दांडीला दोन साखळ्या होत्या. जोडणी निसटलीच तर ट्रेलर गाडीला सोडून जाऊ नये, म्हणून त्या दांडीखालून तिरप्या नेऊन गाडीला अडकवायच्या असतात. त्याने आधी त्या घासूनपुसून लखलखीत केल्या. मग लक्षात आलं, की गाडीला अडकवल्या तर त्या लोंबतात, खुळखुळतात, शिवाय बंपरला घासतात. हे फारच असुरक्षित दिसत होतं. म्हणून त्याने सुबक वळसा देऊन दोन्ही साखळ्या ट्रेलरच्याच दांडीला परत अडकवल्या.

बायको मुलीला कडेवर घेऊन बघत होती. सामानाच्या वर पाळणा बांधला होता, म्हणून जरा जास्तच बघत होती.

"अहो, पण या गाडीला कुठे लागल्यात?"

"हलवून बघ. हलतात का?"

तिने हलवून पाहिल्या. नव्हत्या हलत.

"मग?"

या 'मग'पुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही. गाडीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अख्खा कारखाना सांभाळतो तो. तू आपलं पोरीचं टोपडं सांभाळ."

नाक्यावर तपासनीस आला.

"साखळ्या?"

"आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्याने बुटाच्या टोकाने एक साखळी ठोकून पाहिली आणि मान डोलावली. "असं ठेवावं माणसाने!" (मागच्या ट्रेलरवाल्याला मात्र बाजूला घेतलं. त्याच्या साखळ्या गाडीला अडकवलेल्या होत्या, पण गंजक्या.)

पुढे उतार लागला. मागे खट्ट झालं.

"बघ, गाडी कशी हलकी पळतेय," तो म्हणाला, आणि वेगमर्यादेचा आदर राखून त्याने ब्रेक लावला. ट्रेलरने लावला नाही. तो डाव्या बाजूने, हॉर्न न देता, त्यांना मागे टाकून गेला. पाळणा खिडकीशेजारून झुलत पुढे गेला.

रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगाने ट्रेलरला पोटाशी घेतलं. (हा ढीग तिथे बेकायदा होता.) तो गाडी थांबवून उतरला, वाकून पाहिलं आणि भारावलेल्या आवाजात म्हणाला, "बघितलंस? साखळ्या जागच्या हलल्या नाहीत!"

"माझ्या लेकाचं काम आहे ते," सासूबाई म्हणाल्या.

बायकोचं लक्ष मागच्या सीटवर तिच्या शेजारी असलेल्या बाळाच्या खुर्चीकडे गेलं होतं. ही खुर्चीही सकाळी त्यानेच बसवली होती. छातीवरचे पट्टे घट्ट, कड्या बंद, आत मुलगी अंगठा चोखत गाढ झोपलेली. तेव्हाही तो म्हणाला होता, "हलवून बघ, हलते का?" आणि तिने मुलीला हलवून पाहिलं होतं. आता तिने खुर्चीखाली हात घालून ती उचलली. अख्खी खुर्ची, मुलीसकट, भाजीच्या टोपलीसारखी अलगद वर आली. गाडीचा पट्टा सीटच्या नव्या कव्हरमागे नीट घडी करून खोचलेला होता. कव्हरला चुणी पडू नये म्हणून.

तिने मुलीच्या कपाळावर ओठ टेकले, पट्टा ओढून काढला आणि खुर्चीतून घालून खट्कन लावला. मग खाली उतरून, ट्रेलर पुन्हा जोडल्यावर, साखळ्याही गाडीला अडकवल्या. उरलेल्या वाटेवर त्या खुळखुळत राहिल्या. कव्हरला चुणी पडली ती पडलीच. तो आरशातून दुखावल्या नजरेने तिच्याकडे बघत होता.

वाचकांना हसू येत असेल तर निवांत हसा. फक्त आधी, गाडीने टुंटुं करू नये म्हणून पाठीमागून घेऊन लावून ठेवलेला तुमचा स्वतःचा पट्टा जरा हलवून बघा.

नाही ना हलत? मग?