पर्निकेटीबाईंचे पापड

"उद्या तू नको येऊ," सिंधुताईंनी कमलिनीला कुंपणापाशीच सांगून टाकलं. सिंधुताईंच्या सरलाचं लग्न तोंडावर आलेलं. रुखवताचे पापड लाटायला मरोदा वसाहतीतल्या यच्चयावत मराठी बायांना बोलावणं, आणि शेजारणीला तेवढं नाही!

"कावून जी?"

"अवं, मागच्या खेपेले तू साऱ्या जणींचे पापड मोडून पुन्हा लाटाले लावले. कोणाचा जाड, कोणाचा वाकडा! तू असली तं बाया येतच नाही म्हणतेत."

सरलाला कमलिनीनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. घरी येऊन ती ढसाढसा रडली. नवरा उमाकांत दुर्गला इंग्रजीचा मास्तर. बायकोचे डोळेसुद्धा तो धडा शिकवूनच पुसायचा.

"अवं, इंग्रजीत याच्यासाठी खास शब्द हाये. पर्निकेटी! बारीकसारीक गोष्टीत खुसपट काढणारं माणूस. मूळ स्कॉटलंडकडचा शब्द."

"तिकडल्या बाया पापड लाटतेत का?"

"ते मले नाही माहीत. पण तुह्यासारखी कोणी असल्याबिगर शब्द निघन कसा?"

भिंतींना कान असतात, क्वार्टरच्या भिंतींना तर चार-चार. संध्याकाळपर्यंत अख्खा मोहल्ला तिला पर्निकेटी म्हणू लागला. कमलिनीनं रागारागानं उडदाचं पीठ कुटलं, एकटीनं पापड लाटले, डब्याचं झाकण ठेवून एकेकाची किनार कापली आणि व्हरांड्यात, कडा विटांनी दाबलेल्या मच्छरदाणीखाली वाळत घातले. होते सरलासाठीच, पण नेऊन द्यायचे कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी सिंधुताईंच्या अंगणात बाजांवर पापडच पापड. दुपारी कमलिनीचं आभाळाकडे लक्ष गेलं.

"सिंधुताई, पापड उचला! दुर्गकडून आंधी येऊन राहिली!"

"आली पर्निकेटी! आता आभाळातबी खुसपट!" बाया खो खो हसल्या.

हसू ओठांवर आहे तोच आंधी आली. काही पापड बाभळीवर, काही नालीत, उरलेले शेळीच्या पोटात. सिंधुताईंनी कपाळाला हात लावला. "परवा लग्न वं माय! रुखवतात काय मांडू? विहीणबाई नागपूरची, नाक मुरडन!"

कमलिनीनं त्यांचा हात धरला, आपल्या व्हरांड्यात नेलं आणि मच्छरदाणी वर केली. सिंधुताईंना रडावं की हसावं कळेना, त्यांनी दोन्ही केलं.

लग्नात विहीणबाईंनी रुखवतातला पापड उचलला, उलटसुलट केला, उजेडात धरला. खोट सापडेना.

"कोणाच्या हातचे?"

"आमच्या पर्निकेटीबाईंच्या!"

"पर्निकेटी? हे कुठलं घराणं जी?"

"स्कॉटलंडकडचं!" सिंधुताई छाती फुगवून म्हणाल्या.

कमलिनीला ते ऐकूच गेलं नाही. विहीणबाईंनी वाकडा ठेवलेला पापड ती सरळ करत होती.