अळणावरपर्यंत आवाज न करता

"अप्पांची गाडी मी दुरुस्त करून आणतो," असं मी जेवताना बोलून गेलो, तिथंच फसलो. एरवी मी जेवताना बोलत नाही. (बोललो तरी कोण ऐकतंय!) त्या दिवशी मात्र आईचा हात ताटावर थांबला. ती म्हणाली, "मग दसऱ्याला अळणावरला जाऊ."

आमच्या घरात कित्येक वर्षांत अळणावरचं नाव निघालं नव्हतं. तिथं जवळच्या खेड्यात आईचा धाकटा भाऊ राहतो, धोंडिबामामा. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली आणि पहिल्यांदा तिथंच नेली, मामाच्या मुलाच्या लग्नाला. गाडीचा एक्झॉस्ट पहिल्यापासूनच फुटका. सुरू केली की गल्ली दारात यायची. मामा भर मांडवात म्हणाला, "भावजी, तुमची गाडी अन् तुमचा संसार, दोन्हींत आवाज तेवढा मोठा." मांडव हसला. अप्पा न जेवता उठले आणि परत त्या वाटेला गेले नाहीत. अप्पा वारले तेव्हा मामा आला होता, पण आई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

आता मामाच्या सुनेचा, पद्माचा, फोन आला होता. साखरेनं मामाची नजर गेली, अंथरूण धरलंय, आणि सारखं विचारतो, "अक्का येईल का गं?" आईचा जीव तुटत होता. पण जायचं तर अप्पांच्याच गाडीतून, आणि गाडीनं चूं न करता मामाच्या दारात उभं राहायचं. "माझ्या नवऱ्याचं नाव राखायचंय मला," ती म्हणाली.

"गॅस्केटच बदलायचंय ना," मी म्हणालो, "रोज विकतो की मी." (हुबळीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. कुकरची गॅस्केटं मी डोळे मिटून काढून देतो.)

"अहो, तिथं रबर चालत नाही म्हणे," उत्तरा म्हणाली. उत्तरा माझी बायको.

"माहीत आहे मला." मला माहीत नव्हतं.

नवनगरचा आमचा मेस्त्री प्रभंजन गाडीखाली शिरला आणि एक जळकं, तीन भोकांचं पत्र्याचं कडं घेऊन बाहेर आला. "टर्बोला सायलेन्सरचा पाइप जोडतात तिथलं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, आहे हे. गेलंय. नवं आणा, बसवतो."

मी ते कडं घेऊन गोकुळ रोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गेलो.

"कुठली गाडी?" पहिल्या दुकानदारानं विचारलं. मी सांगितली.

"अजून चालते?"

"चालते म्हणजे, वाजते."

"सिगंगिल्ल री," तो म्हणाला. मिळायचं नाही. दुसऱ्यानं ट्रकचं पॅकिंग पुढं केलं आणि कापून घ्या म्हणाला. तिसऱ्यानं गाडीचं नाव ऐकलं आणि सांत्वनाला आल्यासारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

इकडं घरी आईनं शेंगांच्या पोळ्या करून डबा भरला होता. मामाला आवडतात म्हणून. मी रोज रिकाम्या हातानं घरी यायचो, ती माझ्या हातांकडं बघायची आणि डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावायची.

नवमीच्या संध्याकाळी जुन्या हुबळीतल्या एका बोळात, चेतनअण्णांच्या दुकानात, मला ते पॅकिंग दिसलं. नवं कोरं! पाटावर मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल.

"अण्णा, हेच! द्या की!"

"आत्ताच पूजा झाली. आज खंडेनवमी. पूजेत मांडलेलं उद्या सकाळपर्यंत हलवायचं नाही."

"अहो, हे काय हत्यार आहे?"

"आमच्या दुकानातलं सगळ्यांत जुनं सामान आहे. माझ्या वडिलांनी आणलेलं. कुणी घेतलंच नाही, म्हणून पूजेला दर वर्षी हेच मांडतो."

मला भांडता येईना. त्याच सकाळी एक बाई कुकरचं गॅस्केट मागायला आल्या होत्या. भात खोळंबलाय म्हणत होत्या बिचाऱ्या. तराजूला हार घातलाय, आज विक्री नाही, असं सांगून मीच त्यांना परत पाठवलं होतं.

"मग उद्या द्याल ना?"

चेतनअण्णा चिंतेत पडले. "देतो. पण पुढच्या वर्षी पूजेला काय मांडू?"

मी खिशातून आमचं जळकं कडं काढलं. "हे मांडा. हे त्याच्याहून जुनं आहे." त्यांनी ते हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि होकार दिला.

दसऱ्याला सकाळीच प्रभंजननं ते बसवलं. "आता सुरू कर," मी म्हणालो.

"सुरूच आहे की हो."

आई बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. "ऐकलंत का?" ती हळूच म्हणाली. मला नाही, अप्पांना.

अळणावरपर्यंत आई नवं लुगडं नेसून, मांडीवर पोळ्यांचा डबा घेऊन ताठ बसली होती. मामाच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा दारातलं कुत्रंसुद्धा उठलं नाही. मामा सोप्यात बाजेवर, रस्त्याकडं कान करून पडला होता. वाळून गेला होता अगदी.

"धोंडिबा, आले रे मी."

त्यानं चाचपडत तिचा हात धरला. "अक्का! बसनं आलीस?"

"गाडीनं आले. ह्यांच्याच गाडीनं."

"ती आली असती तर मला वेशीतच कळलं असतं." मामानं तोंड फिरवलं. "त्याच गाडीनं येताय असं पद्मा म्हणाली, म्हणून सकाळधरनं कान लावून पडलोय मी. त्या गाडीपुढं हात जोडून भावजींची माफी मागायची होती. आता कुणापुढं मागू?"

"अरे, तीच आहे. दुरुस्त केलीय."

"आंधळ्याची समजूत घालू नको, अक्का."

मी धावत जाऊन हॉर्न वाजवला. "हॉर्न काय, सगळ्यांचेच वाजतात," मामा म्हणाला.

आईनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. "कृष्णा, काढ ते."

"आई, अगं किती हिंडून—"

"काढ म्हणते ना!"

मी दसऱ्याच्या नव्या शर्टात गाडीखाली शिरलो. पाइप तापलेला. बोटं भाजून घेत तिन्ही नट सोडले, हळदकुंकवासकट पॅकिंग ओढून काढलं आणि गाडी सुरू केली. काय तो आवाज! कोंबड्या छपरावर गेल्या, म्हशीनं दावं तोडलं. मामा मात्र बाजेवर उठून बसला आणि आवाजाच्या दिशेनं त्यानं हात जोडले. "चुकलो, भावजी," तो म्हणाला, "माफ करा." आईनं त्या जोडलेल्या हातांत आपट्याची पानं ठेवली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडलो. (धूर होता म्हणून पद्माला सांगितलं.)

मन मोकळं झाल्यावर मामानं डोळे पुसले. "गाडी कुणी आणली?"

"आमच्या कृष्णानं."

मामानं पुन्हा त्या आवाजाकडं कान लावला, आणि त्याला माझी खरोखर कणव आली. "भावजी साधे माणूस, त्यांना नाही जमलं. पण ह्याला इतक्या वर्षांत एक पॅकिंग मिळू नये?"

मी भाजलेली बोटं तोंडातून काढून काही बोलणार, तेवढ्यात आईनं त्याला पोळीचा घास भरवला.

"जाऊ दे रे," ती म्हणाली, "लहानपणापासून तसाच आहे तो."