टोपण, हवा आणि बदामाखालची जागा

रविवारी सकाळी गाडीच्या चाकांत थोडी हवा भरून ठेवावी, एवढाच माझा विचार होता. (मी स्वतःहून विचार करू नये असं माझी बायको मृणालिनी लग्नापासून सांगत आली आहे. त्या दिवशी मी तिचं ऐकलं नाही.)

दुपारी भांडुपला जायचं होतं. तिथे मृणालिनीची थोरली बहीण रश्मीताई राहते आणि तिच्या मुलीचं, रेवतीचं, घरचं केळवण होतं. साखरपुड्याला आम्ही रिक्षाने गेलो होतो. तेव्हा रश्मीताईचे यजमान नंदकुमार, म्हणजे माझे साडू, यांनी व्याह्यांसमोर चौकशी केली होती, "गाडी आजारी आहे का?" सगळे हसले. मीही हसलो. मृणालिनी हसली नाही. घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितलं, "शौनक, केळवणाला आपण आपल्या गाडीने जायचं. नाहीतर ती गाडी विकायची." ती शांतपणे बोलते तेव्हा मी फार घाबरतो. त्यामुळे काहीही झालं तरी आपली गाडी भांडुपला पोहोचवायची, असा पण मी केला.

आता गाडी आहे तर न्यायला काय झालं, असं तुम्ही म्हणाल. म्हणजे तुम्ही चारकोपला राहत नाही. आमच्या गल्लीत माणसांना घरं मिळाली, गाड्यांना मिळाली नाहीत. माझी गाडी आमच्या खिडकीसमोर बदामाच्या झाडाखाली उभी असते. ती जागा माझ्या नावावर नाही, कुणाच्याच नावावर नाही. जो उभा आहे त्याची. एकदा दिवाळीच्या खरेदीला गाडी काढली, तर परत येईपर्यंत तिथे दुसरीच उभी होती. आमची गाडी मग कितीतरी महिने इंडस्ट्रियल इस्टेटच्या भिंतीशी धूळ खात पडली. जागा परत मिळाली तेव्हा मी पेढे वाटले. तेव्हापासून मी गाडी हलवत नाही. रविवारी ती पुसतो, चालू करतो, आत बसून गाणी ऐकतो आणि वर येतो. ऑफिसला बसने जातो.

या जागेवर डोळा ठेवून असतो तो लुईस. समोरच राहतो. मूळचा गावठाणातला, लाख माणूस. नाताळात त्याची बायको एथेल आम्हाला फराळाचं ताट पाठवते, गणपतीत आमच्याकडून मोदक जातात. पण मी किल्ली घेऊन खाली उतरलो की हा गॅलरीत हजर. "काय बॉस, कुठं जायचं ठरतंय का?" अगदी प्रेमाने विचारतो. मी हो म्हणायचा अवकाश, त्याची गाडी इस्टेटच्या भिंतीपासून निघालीच म्हणून समजा.

म्हणून त्या सकाळी मी बनियन आणि अर्ध्या चड्डीत उतरलो. असा माणूस केळवणाला निघालाय अशी शंका कुणाला येणार? पायपंप भाजीच्या पिशवीत लपवला होता.

चाकाच्या व्हॉल्व्हवर जी टोपणं असतात ती मी मध्यंतरी ऑनलाइन सेलमधून मागवून लावली होती. स्टीलची, चकचकीत. (गाडी चालत नाही, निदान चमकावी.) तीन टोपणं निघाली. चौथं गंजून घट्ट बसलं होतं. शहाण्या माणसाने तीन चाकांवर समाधान मानलं असतं. मी वर जाऊन पक्कड आणली. जोर लावला. टोपण फिरलं. मला कोण आनंद झाला. मग लक्षात आलं की टोपणाबरोबर खालची रबरी नळीही फिरली आहे, आणि ती मुळाशी चिरली आहे. फुस्स करून हवा सुटली. मी झटकन चिरेवर अंगठा दाबला आणि तिथेच मांडी घालून बसलो. दुसरा काही उपाय सुचला नाही. खरं तर हाही उपाय नव्हता.

तेवढ्यात लुईस आला. चर्चला निघाला होता, इस्त्रीचा शर्ट वगैरे.

"काय बॉस, कुठं जायचं ठरतंय का?"

"छे. प्राणायाम करतोय."

"गाडीपाशी?"

"झाडाखाली ऑक्सिजन चांगला असतो."

हवा माझ्या अंगठ्याखालून सूं सूं करत होती. लुईसने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. गाडीही माझ्याबरोबर श्वास सोडत हळूहळू खाली बसत होती. "चाक बसलं रे तुझं," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला. बसलेल्या चाकाची गाडी हलत नाही, एवढं त्यालाही कळतं. तो हळहळत चर्चला गेला. मला मात्र त्याही अवस्थेत बरं वाटलं. गाडी हलणार नाही अशी त्याची समजूत झाली होती, म्हणजे तो गाफील राहणार होता.

मी वर जाऊन मृणालिनीला सगळं सांगितलं. ती साडीला पिन लावत होती. तिने स्टेपनी लावायला सांगितलं. स्टेपनी आमच्या गॅलरीत होती. तिच्यावर कढीपत्त्याची कुंडी ठेवलेली असते. कुंडी उचलून पाहिली, तर टायर वर्षानुवर्षांच्या पाण्याने तडकलेला आणि आत मुंग्यांची वसाहत. मृणालिनीने पिन तोंडातून काढली. "रिक्षा बोलवू का?" तिने अगदी शांतपणे विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "गाडी जाणार."

मेकॅनिक रविवारी येत नव्हता. बसलेल्या चाकाने गाडी पंक्चरवाल्याकडे न्यायची तर टायरची वाट लागली असती आणि जागाही गेली असती. तेव्हा गाडी जागेवर ठेवून चाकच न्यायचं ठरलं. जॅक लावला, चाक काढलं, गाडीवर कव्हर घातलं. लुईसने पाहू नये म्हणून चाक चादरीत गुंडाळलं आणि कवेत घेऊन निघालो. कोपऱ्यावरच लुईस चर्चहून परत येताना भेटला. हे काय, म्हणून त्याने विचारलं. इस्त्रीचे कपडे, मी म्हणालो. त्याने गाठोड्याला हात लावून पाहिला आणि कपड्यांना स्टार्च जरा जास्त झालाय असं सुचवलं. मी रिक्षात बसलो. चाक माझ्या शेजारी बसलं.

लिंक रोडच्या पंक्चरवाल्याने माझ्या मागे वाकून पाहिलं. "गाडी किधर है?"

"गाडी लाया तो जगह जाएगी."

त्याने मान डोलावली. इतक्या समजूतदारपणे माझ्याशी त्या दिवशी कुणीच वागलं नव्हतं. त्याने टायर एका बाजूने रिमवरून उतरवला, फाटका व्हॉल्व्ह कापून टाकला, नवा ओढून बसवला, हवा भरली. स्टीलचं टोपण परत लावायचं का, असं त्याने विचारलं. मी काळं प्लास्टिकचं मागितलं आणि स्टीलचं त्याच्यासमोरच कचऱ्यात टाकलं.

घरी येऊन चाक बसवलं. अंगभर काळं झालं होतं, कंबर धरली होती, पण केलेला पण पुरा होत आला होता. आंघोळ करून नवा सदरा घातला. मृणालिनी जांभळी साडी नेसून, रेवतीसाठी घेतलेली भेट हातात घेऊन खाली आली. आम्ही गाडीपाशी आलो आणि थांबलो. मागे लुईसची गाडी उभी होती. इंडिकेटर लुकलुकत होता.

"काय बॉस, कुठं जायचं ठरलंच ना?" त्याने खिडकीतून विचारलं. "स्टार्चचे कपडे मी पण घालतो रे."

मी खुर्ची आणतो म्हणालो. पण आमच्या गल्लीत रिकाम्या खुर्चीला मान नाही. लोक ती उचलून बाजूला ठेवतात आणि गाडी लावतात. (मीही ती जागा तशीच मिळवली होती.) खुर्चीत माणूस लागतो. मी मृणालिनीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं.

"गाडी की जागा, काय ते ठरव," ती म्हणाली.

"दोन्ही."

"मग किल्ली दे."

तिने लायसन्स माझ्याआधी काढलं होतं, तेही पहिल्या फटक्यात. पदर खोचून ती बसली, आरसा नीट केला आणि लुईसला हात करून गाडी अशी काही काढली की बदामाचं पानही हललं नाही. मी रिकाम्या जागेच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिलो. मला फार अभिमान वाटला. डोळ्यांत पाणीही आलं. ते अभिमानाचं होतं की चुकलेल्या पुरणपोळ्यांचं, ते अजून नक्की सांगता येत नाही.

दुपारी नंदकुमारांचा फोन आला. मागे पंगतीचा गलका होता. "गाडी आली हो," ते म्हणाले. "आता तुम्ही आजारी आहात का?" पाहुणे हसले. पण त्या हसण्यात मृणालिनीचंही हसणं मला स्पष्ट ऐकू आलं, आणि मी म्हटलं, जिंकलो.

गल्ली माझ्याकडे बघत बघत जात-येत होती. दोन जणांनी हॉर्न वाजवला, एकाने मला उचलून ठेवायची तयारी दाखवली. मी ढिम्म हललो नाही. लुईस गाडी परत भिंतीशी लावून आला. एथेलने माझ्यासाठी पोर्कचं झणझणीत सोरपोतेल आणि पाव दिला होता. तो स्टूल घेऊन शेजारी बसला आणि आम्ही संध्याकाळपर्यंत गप्पा मारल्या. जागेविषयी कुणीच बोललं नाही. सुसंस्कृत माणसं तसं बोलत नाहीत.

दिवे लागायच्या वेळी गल्लीत रिक्षा शिरली. तिच्यातून मृणालिनी उतरली. एका हातात पुरणपोळ्यांचा डबा, चेहरा प्रसन्न.

"गाडी?" मी खुर्चीतून अर्धवट उठलो.

"अरे, रश्मीताईच्या सोसायटीत पत्र्याखाली झकास जागा मिळाली. सावली आहे, वॉचमन आहे, कुणी हलवा म्हणत नाही. निघताना किल्ली लावली आणि वाटलं, एवढी छान जागा सोडायची?" तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला. "मग रिक्षा केली."

"मग मी दिवसभर इथे कशाला बसलोय?"

"तेच मी तुला केव्हापासून विचारतेय," ती म्हणाली, आणि वळून, "लुईस, आण तुझी गाडी." लुईस आधीच पळाला होता. मी खुर्ची उचलली.

आता दर रविवारी सकाळी मी पायपंप घेऊन बसने भांडुपला जातो. गाडी पुसतो, हवा भरतो, आत बसून गाणी ऐकतो. नंदकुमार वरून चहा पाठवतात. निघताना घराखाली लुईस भेटतोच. बदामाखाली त्याच्या गाडीला टेकून उभा असतो.

"काय बॉस, कुठं जायचं ठरतंय का?"

"हो," मी सांगतो. "गाडीपर्यंत."